दोन देशांच्या करारानं नदी साफ होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळा-मुठेसाठी जपानशी करार होऊन इतकी वर्षं झाली, वास मात्र तसाच आहे, मग दोन देश मिळून प्रदूषण कमी करतात हे खरं, की सगळं सह्या आणि फोटोंपुरतंच?

मी मुंढव्यात, नदीपासून पाच मिनिटांवर राहतो. दिवेलागणीला खिडक्या घट्ट लावतो, नाहीतर डास ताटात येतात. तेव्हा उत्तर जरा तिरकस होईल, सांभाळून घ्या.

जिथे हे जमलं तिथलं आधी सांगतो. ईरी सरोवराचा एक काठ अमेरिकेत, दुसरा कॅनडात. साठच्या दशकात ते शेवाळानं इतकं माजलं होतं की लोक त्याला मेलेलं सरोवर म्हणायला लागले. शेवाळ पोसत होतं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. तो येत होता कपड्यांच्या पावडरीतून आणि मैलापाण्यातून. (आपल्या नदीतली जलपर्णीही असल्याच खुराकावर फोफावते.) एप्रिल १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी ओटावात करार केला. मोठ्या मैलापाणी केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतच स्फुरद चालेल, असं ठरलं. १९७८ मध्ये आख्ख्या ईरीसाठी वर्षाला ११,००० टनांचं लक्ष्य घातलं. दोन्हीकडे केंद्रांवर पैसा ओतला गेला, पावडरीतलं फॉस्फेट उतरवलं गेलं आणि ऐंशीच्या दशकात शेवाळ खरंच ओसरलं.

माझ्या मते इथे सह्यांपेक्षा मोलाचा होता तो १९०९ च्या सीमाजल करारातून आलेला संयुक्त आयोग. दोन्ही देशांचे तीन-तीन सदस्य. काम किती झालं, कुठे अडलं, हे तो दोन्ही सरकारांना सुनावतो आणि तेही उघडपणे. शिवाय पाणी दोघांच्याही नळाला तेच.

तरी घोडं एका जागी अडलंच. ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडो शहर आणि आसपासच्या जवळपास पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. यावेळचं स्फुरद मुख्यतः शेतांतून वाहून आलेल्या खताचं होतं. नळीतून येणारी घाण पकडता येते, शिवारभर पसरलेली पकडणं फार अवघड.

आता आपलं जायका, म्हणजे परदेशांना स्वस्त कर्ज देणारी जपानची सरकारी संस्था. जानेवारी २०१६ मध्ये तिच्याशी मुळा-मुठेसाठी कर्जाचा करार झाला. सुमारे १९ अब्ज येन, म्हणजे तेव्हाचे हजारेक कोटी रुपये, ०.३० टक्के व्याजानं, ४० वर्षांत फेडायचे. प्रकल्प ९९०.२६ कोटींचा, त्यातले ८५ टक्के केंद्र सरकारचे, बाकी पुणे महापालिकेचे. ११ नवी मैलापाणी केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची क्षमता आणि शंभरावर किलोमीटर ड्रेनेज लाइन. मुदत होती जानेवारी २०२२. पहिल्या निविदांचे दर इतके चढे आले की त्या रद्द कराव्या लागल्या, आणि मुदत त्या घोळातच गेली.

यात जपाननं फसवलं असं मी म्हणणार नाही. इतक्या स्वस्तात पैसा दुसरं कोण देतं? पण टोकियोत कुणी मुठेचं पाणी पीत नाही. जागा ताब्यात घेणं, रस्ते खोदणं, ओढ्यात सोडलेली ड्रेनेजची तोंडं शोधून लाइनला जोडणं, पुढची कित्येक वर्षं केंद्रांचं वीजबिल भरणं, हे सगळं आपल्याच गळ्यात. नाल्यातली घाण लाइनमध्ये आलीच नाही, तर नवंकोरं केंद्र अर्धपोटी चालतं आणि नदी होती तशीच राहते.

म्हणून ईरीशी तुलना करायची तर जपानकडे बघू नका, सोलापूरकडे बघा. आपली मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि सोलापूरकर उजनीचंच पाणी पितात. देश दोन नाहीत, एकाच राज्यातले दोन जिल्हे आहेत. पण वर घाण करणारा आणि खाली ती पिणारा हे नातं पक्कं आहे. आणि दोघांच्या मध्ये बसून, तीन-तीन माणसांचा आयोग नेमून, आकडे तोंडावर फेकणारं कुणी नाही.

माझी आत्या सोलापुरात असते. धरण भरल्याची बातमी आली की तिचा फोन ठरलेला: "पोचलं रे बाबा तुमचं सगळं. आता उकळायला ठेवते."