आजोबा लांगरी होते, हे छापायचं का?

प्रश्न : ताई, माझे आजोबा गेल्या श्रावणात गेले. वय 102. हा घरचा हिशोब. मानमोडीच्या, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या, साथीनंतर चौथ्या वर्षी जन्म, असं पणजी सांगायची. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत होते. वर्षश्राद्धाला आम्ही छोटी स्मरणिका काढतोय. काकांनी मजकूर लिहिलाय, ‘केरनचा डोंगर सर केला, संगीन घेऊन शत्रूवर तुटून पडले.’ पण आजोबांच्या पलटणीतून सुटकेच्या कागदावर हुद्दा आहे ‘लांगरी’, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. काका म्हणतात, हे छापलं तर लोक हसतील. त्यात आजोबांचे धाकटे भाऊ प्रतिसरकारात होते. त्या घरचे म्हणतात, इंग्रजांच्या शिपायाचं कसलं कौतुक? पेटीत दोन तारे आणि एक गोल मेडल आहे. एका ताऱ्याची फीत लाल, पांढरी, हिरवी. आजोबा लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. शेवटचा महिनाभर मात्र ‘पाने, पाने’ करायचे. विड्याची पानं दिली की बाजूला सारायचे. काय लिहू?
– एक नात, जि. सातारा

उत्तर : आधी केरन काढून टाका. काका अगदीच हवेतलं बोलत नाहीत. केरन एरिट्रियात आहे, 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे डोंगरावर भयंकर लढाई झाली आणि तीत मराठा पलटण होती. पण त्या मोहिमेतल्या माणसाला ‘आफ्रिका स्टार’ मिळायचा. त्याची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा आणि दोन बाजूंना एकेक निळी रेघ. लाल-पांढरी-हिरवी फीत ‘इटली स्टार’ची. दुसरी फीत गडद निळी, लाल आणि फिकी निळी असेल, तर तो तारा ‘1939-45’चा. फिती बदललेल्या असू शकतात, म्हणून ताऱ्याच्या मधल्या वर्तुळावर कोरलेलं नाव भिंगाखाली वाचा. एखादा तारा हरवलाही असेल. सुटकेच्या कागदावर पदकांची नोंद आहे का पाहा. आणि कृपा करून फोटोसाठी मेडलं चिंच-मीठ लावून घासू नका.

काकांवर मी हसत नाहीये. तिशीत असताना मी माझ्या आजोबांवर, म्हणजे आईच्या वडिलांवर, एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांच्या नडगीवर एक लांब व्रण होता. मी तो जपानी गोळीचा करून टाकला, विचारलंसुद्धा नाही. आबांनी चष्मा लावून सगळा लेख वाचला, अंक मिटला आणि म्हणाले, “छान लिहिलंस. पण हा माणूस कोण?” व्रण खेचराच्या लाथेचा होता. त्यानंतर ते दहा वर्षं जगले, पण युद्धाविषयी माझ्यापाशी एक अक्षर बोलले नाहीत. हा हिशोब अजून माझ्याकडे थकलेला आहे, म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांबलचक उत्तर देतेय.

आता लांगरी. लांगरी, भिस्ती, न्हावी, मोची, सफाईवाले या सगळ्यांना फौजेत ‘फॉलोअर’ म्हणत. त्यांचा पगार शिपायापेक्षा कमी आणि मानही कमी. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या तारांतो बंदरात उतरली, तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन होती. नोव्हेंबरात सांग्रो नदीवर पावसाने असा कहर केला की पूल वाहून गेले. डोंगरात गाड्या जिथवर जातील तिथवर जात. पुढे खेचरं आणि त्याच्याही पुढे माणसांची पाठ. अशा चिखलात, शत्रूला उजेड दिसू न देता शेकडो माणसांच्या रोट्या भाजायच्या, डाळ शिजवायची आणि ती अंधारात पुढच्या खंदकांकडे रवाना करायची. तोफेचा गोळा पडताना समोर बंदूकवाला आहे की परातवाला, हे बघत नाही. तुमच्या आजोबांची बटालियन कोणती, हे मात्र कागदावरून नक्की करून घ्या; तिसरी बटालियनही पुढे इटलीत लढली.

इटलीच्या मोहिमेत 20 व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदकं, दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैनिकांना. सहांपैकी दोघे मराठा पलटणीचे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, तेव्हा वय अवघं 22. शिपाई नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. त्यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमींना माघारी आणलं आणि एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली. काकांना पराक्रम छापायचाच असेल तर एक पान या दोघांना द्या, त्यांच्या नावानिशी. तो आजोबांच्या नावावर चढवू नका.

दोन भावांचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. तुमच्या जिल्ह्यात 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं होतं आणि त्याच जिल्ह्यातून तरुण पोरं पलटणीत भरती होत होती. युद्ध संपेपर्यंत भारतीय फौज 25 लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या सगळ्यांना राणीचा-राजाचा उमाळा आला होता, असं कुणी म्हणू नये. कोरडवाहू शेतातल्या थोरल्याने पगारासाठी जाणं आणि धाकट्याने भूमिगत होणं, हे एकाच उंबऱ्याआड घडू शकत होतं. त्या घरच्यांना भांडायच्या आवेशात नव्हे, चहा घेताना एवढंच विचारा : धाकटे आजोबा रानोमाळ असताना घरी मनिऑर्डर कुणाची येत होती? उत्तर काहीही येवो, ते छापा. आणि दोघांचे फोटो समोरासमोरच्या पानांवर घ्या.

कागदांचं थोडक्यात सांगते. सुटकेच्या कागदावरचा सैनिक क्रमांक ही किल्ली. तो क्रमांक, कागदाची प्रत आणि नात्याचा पुरावा जोडून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. उत्तराला वेळ लागेल, वर्षश्राद्धापर्यंत येईलच असं नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत त्यांचं नाव शोधत बसू नका. तिथे युद्धकाळात गेलेल्यांचीच नोंद असते, तुमचे आजोबा घरी परतून पुढे पाऊणशे वर्षं जगले. बटालियनच्या युद्ध-रोजनिश्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या, लांगऱ्याचं नाव त्यात सापडणं कठीण. पण कुठल्या रात्री पलटण कुठल्या गावात होती, हे सापडतं. आजी हयात असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठीच्या मानधनाची चौकशी आजच करा; थोड्या वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नसे, त्यामुळे अनेक घरांना वाटतं की आपल्याला काहीच मिळत नाही.

आता ‘पाने’. तुमचं पत्र मी इथे थांबून पुन्हा वाचलं. इटालियन भाषेत भाकरीला, पावाला ‘पाने’ म्हणतात. उच्चार अगदी आपल्या पुस्तकाच्या पानांसारखा. 1943-44 च्या हिवाळ्यात त्या मुलखात धान्याचे हाल होते आणि फौजेच्या चुलीभोवती गावातली पोरं जमायची. त्यांच्या तोंडी दुसरा कोणता शब्द असणार? आजोबा शेवटी भाकरी मागत होते, की तो आवाज त्यांना ऐकू येत होता, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्हीही ठरवून टाकू नका. विड्याची पानं आणली, ती त्यांनी बाजूला सारली, हे जसं मला लिहिलंत तसंच छापा. खाली एका ओळीत शब्दाचा अर्थ द्या. काकांना हे पान आधी वाचायला द्या. लोक हसतील का, ते मग त्यांनाच ठरवू दे.

आणि छापखान्यात जो कुणी मुद्रितं तपासणार असेल, त्याला आधीच बजावून ठेवा की ‘पाने’चं ‘पानं’ करायचं नाही.