कब्बालात जेवणाला एवढं महत्त्व का?

कब्बाला म्हणजे ज्यू लोकांची गूढ अध्यात्मपरंपरा. त्यात उपासतापास सोडून जेवणातून आत्मा वर कसा जाणार असं विचारलंय, तर उपास ज्यूंमध्येही आहेतच हो, पण खरी गंमत इसाक लुरिया (१५३४–१५७२) या कब्बालाच्या गुरूच्या शिकवणीत आहे. तो शेवटी गॅलिलीतल्या (आजच्या उत्तर इस्रायलमधल्या) साफेद गावी राहिला. त्याच्या मते सृष्टी घडताना दैवी प्रकाशाची भांडी फुटली आणि ठिणग्या सगळीकडे अडकल्या, अगदी अन्नातसुद्धा. मग भाकरीचा तुकडा मोडताना आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि मन लावून खाल्लं की ती ठिणगी सुटून वर जाते, आणि खाणाराही तिच्यासोबत चढतो. नुसतं पोट भरलं तर ती तिथेच अडकून राहते. पुढे १८व्या शतकात हसीदी लोकांनी (ज्यूंमधल्या एका भक्तिपंथाने) हे साध्या माणसांपर्यंत नेलं, मला तर हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. जेवणाच्या महत्त्वाचं आणखी एक उदाहरण: शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, दोन पाव ठेवतात ना, ते वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मिळालेल्या मान्नाची (बायबलमधल्या कथेत देवाने दिलेल्या अन्नाची) आठवण म्हणून.