वोकमध्ये कोबीला पाणी सुटतं तेव्हा

प्रश्न : मावशी, म्हापशाच्या बाजारातून काळ्या पत्र्याचा वोक, म्हणजे चिनी कढई, आणली. नूडल्स तळाला धरतात, कोबीला पाणी सुटतं, हॉटेलातला तो धुरकट वास तर नावालाही नाही. त्यात पावसाळा, सगळीकडे गंज चढला. हाय प्रेशर शेगडी घेऊ, की सरळ नॉनस्टिक आणू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही नको, पैसे वाचवा. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. तो काढून भलता बसवायचा आणि ओट्यावर भट्टी मांडायची, हे धाडस नकोच. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि वोकचं कामच मुळी मोठ्या आचेचं.

खरं दुखणं कोबीत आहे. सगळ्या घराचं एकदम टाकत असणार तुम्ही. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. झटकन तापतो, पण ढीगभर भाजी पडली की तसाच गारही होतो. मग सुटलेलं पाणी उडून न जाता तळाशी साचतं, आणि पाणी आहे तोवर भाजी शंभर अंशांच्या वर जात नाही. झाली उकडलेली भाजी! दोघांपुरतंच घ्या, बाकीच्यांचा घाणा नंतर. धुतलेली भाजी पंच्यावर पसरून सुकवा, सुंगटं (कोळंबी) टिपून कोरडी करा, मीठ शेवटी घाला. सोया सॉस भाजीवर ओतू नका, कडेवरून सोडा. चरचरत खाली येतो, आणि घरच्या गॅसवर जो काही खमंगपणा मिळायचा तो तिथेच मिळतो. हॉटेलात ज्वाला कडेवरून आत येते, उडवलेल्या तेलाचे थेंब पेटतात. तो वास घरी पुरता येणार नाही, त्यासाठी हॉटेलातच जा.

चिकटणं आणि गंज, दोन्हींवर उपाय एकच. गंज आणि कारखान्यातला थर साबण, गरम पाणी आणि तारेच्या काथ्याने पार काढा. खिडक्या उघडून रिकामा वोक मोठ्या आचेवर ठेवा. पत्रा आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळा होतो. फिरवत फिरवत कडेपर्यंत तो रंग न्या. जरा निवला की तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाका. पुन्हा धूर निघेपर्यंत तापवा. असं तीन-चारदा. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो, इथेच घाई नडते. खोबरेल एरवी माझ्या घरात सगळ्याला चालतं, इथे मात्र नको. त्याचा कडक थर धरत नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या.

रोज धुतल्यावर गॅसवर ठेवून शेवटचा ओलावा उडवा, तेलाचं बोट फिरवा. सिंकखालच्या कपाटात ठेवाल तर आषाढात पुन्हा मला पत्र लिहाल.

सोलं (आमसुलं), माडाचं व्हिनेगर, टोमॅटो यांना या भांड्यात थारा देऊ नका, आंबट तेलाचा थर खातं. खतखत्याची मिश्र भाजी आपली टोपातच करा. किसमुरीच्या कोशिंबिरीसाठी सुकी सुंगटं भाजायला मात्र वोक फक्कड! आंबट घालायचं ते खाली उतरवून, दुसऱ्या भांड्यात.

प्रश्न : उकड्या तांदळाचा फ्राइड राइस होतो का? घरात सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, नसतोच.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : होतो की. उकड्याचं शीत टणक, सहसा एकमेकाला चिकटत नाही. फक्त पेजेइतका मऊ शिजवू नका. निथळून, ताटात पसरून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर ओट्यावर नको. दुसऱ्या दिवशी गुठळ्या हाताने फोडून मगच वोकमध्ये टाका. पोरं जाड तांदूळ बघून नाक मुरडतील. तेव्हा वर एक अंडं फोडा.