ख्रिस्ती माणसानं रोजच्या नोकरीत प्रामाणिक आणि कष्टाळू कसं राहावं?

तुम्ही विचारलंय की मालक कागदावर खोटं लिहायला सांगतो, तर ख्रिस्ती माणसानं काय करावं. लिहू नये. त्यात खल करण्यासारखं काही नाही. पण प्रश्नात तुम्ही "कष्टाळू" हा शब्द घातलाय, आणि त्यावर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी तोंड उघडत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापूरचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला होतो. 30 बाय 60 इंची माल, किलोवर विकायचा. पार्टीशी ठरलेलं वजन डझनाला 5 किलो. एका लॉटला लूप आखूड पडले. वीस डझनाचा गठ्ठा काट्यावर चढवला तर 92 किलो. उतरवला, काटा शून्यावर आणला, परत चढवला. 92च. शेठ म्हणाले, शंभर लिही.

चलन बुकात कार्बन घालून बसलो होतो. पेन काही उतरेना.

"काय बघायलास? मुंबईच्या हवेत सूत ओल धरतंय. तिथं पोचेपर्यंत भरतंय वजन."

सूत ओल धरतं, ते खोटं नाही. पण गठ्ठ्यामागं आठ किलो नाही धरत. मी सांगितलं, शेठ, आमच्या शास्त्रात लिहिलंय, थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नका (बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, 25 वा अध्याय). जरा छाती काढूनच सांगितलं असणार.

शेठ चिडले नाहीत. ड्रॉवरमधून मस्टर काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. रोज नऊला आल्याची नोंद. "वॉचमन मला सांगतोय की, तू वीस मिनिटं उशिरा येतोस. मग तुझ्या थैलीत किती वजनं हायत?"

खरं होतं. सकाळची प्रार्थना आटोपून यायचो आणि तेवढी सूट मला वरूनच मिळाली आहे अशी माझी समजूत होती.

चलनावर 92च लिहिलं. शेठनी पार्टीला फोन लावून तेवढे पैसे तोडून दिले. आणि त्या महिन्यात माझा एक दिवसाचा पगार कापला. रोजची वीस मिनिटं, सव्वीस दिवस. हिशेब चोख होता, मला बोलायला जागा नव्हती.

आता दाजी. त्यांनी ही गोष्ट चर्चमध्ये साक्ष म्हणून सांगितली, आपल्या पोरानं मालकापुढं कसं सत्य धरलं म्हणून. मस्टर गाळून. मी घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "ते सांगितलं की साक्षीचा जोर जातो." त्यावरून आमचं वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यांच्या हॉलमध्ये बायबलमधलं कलस्सैकरांस 3:23 फ्रेम करून लावलंय, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. त्याच्या आधीचं 22 वं वचन कुणी फ्रेम करत नाही. त्यात तोंडदेखली चाकरी करू नका असं आहे, आणि ते गुलामांना सांगितलंय. म्हणजे मालक चांगला असावा ही अटच नाही. दाजी स्वतः ऑफिसच्या वेळात मंडळीच्या पावत्या लिहायचे. त्याला ते सेवा म्हणतात. मी चोरी म्हणतो. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून उपदेशाला जायचा असं कुठं वाचलंय का तुम्ही?

म्हणून माझं म्हणणं, मालकाला नाही म्हणायच्या आधी आपलं मस्टर बघा. मालकानं तर ते बघितलेलं असतंच.

एक राहिलंच. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, डोक्यावर कर्ज नव्हतं, आणि शेठ ऐकून घेणारे निघाले. तुमच्या घरात पोरं असतील, हप्ते असतील, तर राजीनामा फेकायची घाई करू नका. आधी दुसरी जागा बघून ठेवा. तोवर खोट्या आकड्याखाली सही मात्र करू नका, "तुम्हीच लिहा शेठ" म्हणून बुक पुढं सरकवा. बरेच मालक स्वतःच्या अक्षरात लिहायला कचरतात.

दाजी, वाचत असाल तर यंदाच्या नाताळात मस्टरचं पण सांगा.