९८ टक्के लसीकरण झालं, तरी गोवरची साथ कशी आली?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्यात गोवर-रुबेलाचं लसीकरण ९८ टक्के झाल्याची बातमी वाचली आणि महिन्याभरात शेजारच्या तालुक्यात गोवरची साथ आली. मग ९५ टक्क्यांना रोग थांबतो हा हिशोब खोटा, की ९८ हा आकडा खोटा?

हिशोब बरोबर आहे. आकडाही बहुतेक वेळा कुणी मुद्दाम फुगवलेला नसतो. घोळ या दोघांच्या मधल्या जागेत आहे. मी काही वर्षं लसीकरणाच्या पाहण्यांमध्ये घरोघर फिरून कार्डं तपासलीत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी हिशोब. कुणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत गोवरचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. मधला १५ धरू. साथ विझायची तर एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा जास्त जणांना लागण होता कामा नये, म्हणजे १५ पैकी किमान १४ जण आधीच सुरक्षित हवेत. झाले ९३ टक्के. १२ धरले तर ९२ च्या आसपास, १८ धरले तर ९४ च्या थोडं वर. ९५ चं उद्दिष्ट इथून आलं.

आता यातला ‘सुरक्षित’ हा शब्द पकडून ठेवा. टोचून घेतलेलं प्रत्येक बाळ सुरक्षित झालेलं नसतं. नवव्या महिन्यातला पहिला डोस १०० पैकी साधारण ८५ बाळांना लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं काही बाळांच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि ती लशीतल्या विषाणूलाच गारद करतात. वर्ष उलटल्यावर दिला तर जास्त लागू पडेल, पण आपल्याकडे गोवर फिरत असतो आणि लहान बाळांना तो फार जड जातो, म्हणून तोवर थांबणं परवडत नाही. त्यासाठीच १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. दोन्ही झाले की १०० पैकी ९७ सुरक्षित. म्हणजे दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळाले तरी सुरक्षित किती? ९२. काठावर पास! २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीत देशभराचा पहिला डोस ९३.७ आणि दुसरा ९२.२ टक्के आहे.

आणि उरलेले कुठे जात नाहीत, साठत जातात. समजा एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला ५०० बाळं जन्मतात. ४७५ जणांना पहिला डोस मिळाला, कागदावर ९५ टक्के, सगळे खूश. त्यातल्या ४०४ जणांना तो लागला. ९६ मुलं उघडी राहिली. दुसरा डोस ढिला पडला तर पाच वर्षांत अशी ४८० मुलं जमतात, म्हणजे जवळजवळ एका वर्षाची सगळी बाळं. कुठून तरी ठिणगी आली की साथ. दर चार-पाच वर्षांनी ‘अचानक’ येणाऱ्या साथीत फारसं अचानक काही नसतं. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली, ती ही साठलेली बाकी एका झटक्यात चुकती करण्यासाठी.

आता तो ९८. तो एक भागाकार आहे: वर दिलेले डोस, खाली अपेक्षित बाळं. वरचा आकडा सिस्टरच्या रजिस्टरमधून येतो आणि तो बऱ्यापैकी खरा असतो. खालचा लोकसंख्येच्या अंदाजावरून काढलेला असतो. बाई बाळंतपणाला माहेरी जाते, बाळाचे पहिले डोस माहेरच्या उपकेंद्रात होतात आणि ते बाळ ‘अपेक्षित’ असतं सासरी. मी १०४ टक्के कामगिरी दाखवणारे तक्तेही पाहिलेत. त्यामुळे आरोग्य खात्याची आकडेवारी एकीकडे आणि घरोघरची पाहणी दुसरीकडे, अशी तफावत पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली १२ ते २३ महिन्यांची पूर्ण लसीकरण झालेली मुलं ७६.४ टक्के निघाली. आधीच्या फेरीत ६२. (हा गोवरचा एकट्याचा आकडा नाही, सगळ्या मूलभूत लशी धरून आहे. दोन्हींची थेट तुलना करू नका.)

पण पाहणी म्हणजे तरी देववाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत अशी: लोकसंख्येच्या यादीतून ३० गावं किंवा वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत ७ मुलं, एकूण २१०. पहिलं घर कसं निवडायचं? गावाच्या मधोमध उभं राहायचं, पेन किंवा बाटली जमिनीवर फिरवायची, टोक जिकडे थांबेल त्या दिशेला चालायचं. आम्ही मारुतीच्या देवळासमोर पेन फिरवायचो, पोरं भोवती गोळा व्हायची. आता विचार करा, मारुतीच्या देवळापासून निघून तुम्ही कुणाच्या दारात जाल? गावठाणातल्या. ओढ्यापलीकडच्या पालांवर पेनाचं टोक क्वचितच पोचतं. आणि साखर कारखान्याच्या तळावरच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) तर यादीतच नसतात, कारण जनगणना झाली तेव्हा तिथे रिकामं रान होतं.

एका जानेवारीत पाहणी संपवून परत येताना आम्ही अशा एका तळावर थांबलो. यादीत नव्हता, गाडी तापली म्हणून थांबलो. बांबू-पाचटाच्या कोप्या, वरून ताडपत्री, एका टोळीत जेमतेम दहा-बारा बिऱ्हाडं. वाढ्याचा (उसाच्या शेंड्यांचा) भारा टाकून एक बाई आली, तिला विचारलं, “ताई, बाळाचं कार्ड?” म्हणाली, “गावाकडं हाये, सासूच्या पेटीत.” बाळ दहा महिन्यांचं. गोवरचा डोस झालाय का, तर “दंडाला टोचलं व्हतं येकदा”. ते काय होतं देव जाणे.

या मुलांचं वेळापत्रक कागदावर मांडून बघा. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, पाडव्याच्या पुढेमागे परततात. जूनमध्ये जन्मलेलं मूल मार्चमध्ये नऊ महिन्यांचं होतं, म्हणजे तळावर. सोळावा महिना लागतो तो ऑक्टोबरात, पुन्हा निघायच्या घाईत, आणि पुढचे बरेच महिने पुन्हा तळावर. दोन्ही डोस नेमके हंगामात येतात आणि गोवरही साधारण हिवाळा ते उन्हाळ्याच्या तोंडालाच फिरतो. गावची आशाताई ड्यू लिस्टमध्ये (डोस द्यायच्या मुलांच्या यादीत) ‘स्थलांतरित’ लिहिते. ती चूक नाही, खरंच आहे ते. कारखान्याजवळच्या आशाताईच्या यादीत हे मूल कधी आलेलंच नसतं. बरं, मूल चुकून सत्राला आलंच, तर एकट्यासाठी व्हायल (अनेक डोसांची लशीची बाटली) फोडायला सिस्टरचा हात कचरतो. गोवरची लस एकदा कालवली की चार तासांनी टाकून द्यावी लागते. नियम सांगतो की एका मुलासाठीसुद्धा फोडा. पण वाया गेलेल्या डोसांवरून बोलणी खाल्लेल्या बाईला तो नियम ऐकवणं सोपं आहे.

माझं उत्तर थोडक्यात हेच. टक्केवारी सरासरी सांगते आणि गोवर सरासरीत पसरत नाही. न टोचलेली २ टक्के मुलं जिल्हाभर विखुरलेली असती तर विषाणूला त्यांच्यापर्यंत पोचताच आलं नसतं. पण ती एकमेकांशेजारी झोपतात.

रोग खरोखर संपवलेल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं. देवी या रोगाचं घ्या. विल्यम फेगी हे अमेरिकन डॉक्टर १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात होते. लस कमी होती, सगळ्यांना टोचणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी रुग्ण शोधून त्यांच्या भोवतीच्या लोकांना टोचलं आणि साथ आटोक्यात आली. भारतात कोट्यवधी लोकांना टोचूनही १९७४ मध्ये बिहारमध्ये देवीने कहर केला, आणि ती हटली ती घरोघर रुग्ण शोधण्याच्या मोहिमांनी. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत १९७५ मध्ये १००० रुपयांवर गेलं. देशातला शेवटचा रुग्ण त्याच वर्षी मे महिन्यात सापडला. आसामात, करीमगंज रेल्वे स्टेशनावर राहणारी, बांगलादेशातून आलेली एक भिकारीण. कुठल्याच गावाच्या यादीत नसलेली.

मग गोवरला हीच युक्ती का चालवत नाहीत? देवीचा रुग्ण अंगावर पुरळ आल्यानंतरच खऱ्या अर्थाने रोग पसरवायचा. गोवरचा रुग्ण पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून पसरवतो, तेव्हा घरच्यांना ती साधी सर्दी वाटते. तुम्ही रुग्णाभोवती कडं करायला जाता तेव्हा विषाणू कड्याबाहेर गेलेला असतो. म्हणून गोवरला आधीचं लसीकरणच दाट लागतं.

पोलिओने वेगळा धडा दिला. उत्तर प्रदेशात मुलांना पुन्हापुन्हा थेंब पाजूनही पोलिओ होत होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तिथे जुन्या त्रिगुणी (पोलिओ विषाणूच्या तिन्ही प्रकारांवरच्या) लशीचा एक डोस जेमतेम ९ टक्के परिणामकारक होता, तर देशाच्या इतर बहुतेक भागांत २१ टक्के. दाट वस्ती, जुलाब, आतड्यात इतर विषाणूंची गर्दी. मग लसच बदलली, आधी एकगुणी (एकाच प्रकारावरची), २०१० पासून द्विगुणी (दोन प्रकारांवरची). जोडीला वीटभट्ट्या, बांधकामं, स्टेशनं, चालत्या गाड्या अशा सगळ्या ठिकाणी पथकं उभी केली. घरांच्या भिंतीवर खडूने पी किंवा एक्स लिहीत, एक्स म्हणजे इथलं मूल सुटलंय, परत यायचंय. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

२०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, तेव्हा कोविडच्या काळात हुकलेले डोस आणि दाटीवाटीच्या वस्त्या एकत्र आल्या होत्या. त्या वेळी ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला, आणि जिथे अगदी लहान बाळं आजारी पडत होती तिथे सहाव्या महिन्यापासून. गोवर-रुबेला निर्मूलनाचं आपलं लक्ष्य २०२३ होतं, ते आता २०२६ झालंय. निर्मूलन म्हणजे शून्य रुग्ण असंही नाही, बरं का: स्थानिक साखळी १२ महिने तुटलेली राहिली पाहिजे, बाहेरून आलेला एखादा रुग्ण चालतो. धनुर्वाताचं आणखी निराळं. तो मातीतून येतो, शेजाऱ्याच्या लशीने तुमचं रक्षण होत नाही, त्यामुळे तिथे ९५ चा हा हिशोबच लागू नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचलीत की तीन गोष्टी शोधा: आकडा कितव्या डोसचा आहे, भागाकारात खाली काय धरलंय, आणि जिल्ह्याचा आहे की उपकेंद्राचा. तिसरी सहसा छापलेली नसते, आरोग्य केंद्रात विचारावी लागते. तुमच्या शेजारच्या तालुक्यात कारखाना असेल, तर साथ पहिल्यांदा कुठल्या वस्तीत दिसली तेही विचारा आणि इथे खाली लिहा, मला उत्सुकता आहे. आणि घरात दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल असेल तर त्याचं कार्ड आजच काढून दुसऱ्या डोसची तारीख बघा. पहिला सगळ्यांच्या लक्षात राहतो.