दुभाषी व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीच्या आईला

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. चुलतभाऊ कर्णबधिर, त्यामुळे लहानपणापासून ती त्याच्याशी खुणांनी बोलते. आता शाळेत सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं म्हणते. यात नोकरी मिळते का? की डी.एड. करायला सांगू? – एक पालक, सातारा

उत्तर : ताई, ही दोन कामं वेगळी आहेत. डी.एड. करून ती शिकवेल; दुभाषीने शिकवायचं नसतं, बाईंचं बोलणं खुणांत आणि मुलाच्या खुणा बोलून पोचवायच्या असतात. तिची गरज पडते ती सर्वसाधारण शाळा-कॉलेजात, जिथे वर्गात एखादंच मूल कर्णबधिर असतं.

विज्ञानाचा तास घ्या. बाई फळ्याकडे तोंड करून आकृती काढता काढता बोलतात. बाकीची मुलं बघतात आणि ऐकतातही. या मुलाला एक तर आकृती दिसते, नाहीतर दुभाषीचे हात. म्हणून ती फळ्यालगत उभी राहते, मुलाची नजर परत वळेपर्यंत थांबते, बाईंनाही जरा थांबवते. 'प्रकाशसंश्लेषणा'ची खूण मुलाला ठाऊक नसेल तर काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं, म्हणजे धडा आदल्या दिवशीच वाचून ठेवायचा. मुलाने 'मला नाही समजलं' अशी खूण केली, की तिने मोठ्याने 'मला नाही समजलं' असंच म्हणायचं, 'त्याला समजलं नाही' असं नाही. उत्तर सुचवायचं नाही. माया असलेल्या मुलींना हेच सगळ्यात जड जातं.

शिवाय घरातल्या खुणा म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्न विचारताना 'काय', 'कुठे' बहुधा शेवटी येतात, भुवयाही अर्थ सांगतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा कोश केला आहे, तो मोफत बघता येतो. बारावीनंतर दोन वर्षांची दुभाषी पदविका आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा.

नोकरीचं खरं सांगते. शाळांत कायम पदं फारच थोडी आहेत. बरंचसं काम तासांवर किंवा कंत्राटावर मिळतं. कॉलेजं, सरकारी कार्यक्रम आणि आता न्यायालयंही दुभाषी बोलावतात. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषीच्या साथीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. पदविकेसोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए.ही करू द्या, म्हणजे पुढे विशेष बी.एड.ची, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या पदवीची, वाट खुली राहील.

माझं मत, तिला जाऊ द्या. प्रवेशाआधी मात्र जवळच्या कर्णबधिर संघटनेत काही रविवार पाठवा. तिच्या खुणा तिथल्या मोठ्या माणसांना कळतात का, हे त्यांनाच विचारा, आणि त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त धरा.