मामाने पैसे खात्यात ठेवले तर चालतील का?

प्रश्न: नमस्कार ताई. मुलीला इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीला अ‍ॅडमिशन मिळालीय, लंडनच्या बाहेर, कोर्स सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. फी २४ हजार पाउंड, त्यातले ४ हजार भरलेत. पतसंस्थेत १५ लाखांची ठेव आहे, बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे त्याचे दहाएक लाख येतील, राहिलेले १२ लाख तिचा मामा महिनाभर आमच्या खात्यात ठेवतो म्हणतोय, व्हिसा झाला की परत द्यायचे. एजंट म्हणतो सगळे असंच करतात. करावं का?
— एक पालक, तासगाव तालुका

उत्तर: दादा, परत द्यायच्या बोलीवर मामाचे पैसे खात्यात दाखवू नका. एजंट काहीही म्हणू दे, अर्जावर सही तुमच्या मुलीची असते, त्याची नाही, आणि पैशाबाबत खोटी माहिती दिली असं होम ऑफिसने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या गृहखात्याने, ठरवलं तर नुसता हा अर्ज जात नाही, १० वर्षांची बंदी लागू शकते. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

आधी किती लागतात ते बघू. बाकी फी २० हजार, आणि राहण्याखाण्याचे महिन्याला १,१७१ पाउंड (११ नोव्हेंबर २०२५ पासूनचा आकडा, लंडनमध्ये १,५२९ आहे) असे जास्तीत जास्त ९ महिन्यांचे, म्हणजे १०,५३९. एकूण ३०,५३९ पाउंड. पाउंड १२० रुपये धरला तर साडेछत्तीस लाखांच्या वर जातं, आणि दर अर्जाच्या दिवशीचा धरतात म्हणून वर लाखभर तरी जास्त ठेवा. भरलेले ४ हजार युनिव्हर्सिटीच्या कॅसवर (प्रवेश पक्का झाल्याचा, व्हिसासाठी लागणारा कागद) दिसतायत ना तेवढं मात्र बघून घ्या, तिथे नोंद नसेल तर पावती जोडावी लागेल. व्हिसाची फी आणि हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) यात धरलेला नाही, एक वर्षाच्या मास्टर्सला सरचार्जच साधारण १,१६४ पाउंड होतो.

आता हे पैसे मुलीच्या किंवा आईवडिलांच्या नावावर सलग २८ दिवस पाहिजेत, मधे एक दिवस जरी कमी पडले तरी अर्ज नाकारतात, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. मामा, काका, आजोबा यांचं खातं चालतच नाही, कायदेशीर पालक असतील तर गोष्ट वेगळी. मामा खरंच भाचीला मदत म्हणून पैसे देत असेल, परत मागणार नसेल, तर त्याने बँकेतून ट्रान्सफर करावेत, बक्षीस दिल्याचं साधं पत्र लिहून द्यावं, मामाकडून आलेल्या अशा रकमेवर इन्कम टॅक्सही लागत नाही. पण मग ते खरोखर दिलेले असले पाहिजेत, हे घरात बसून स्पष्ट बोलून घ्या.

पतसंस्थेची ठेव मला जास्त काळजीची वाटते. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही, आणि होम ऑफिसला नियामकाच्या देखरेखीखालची, रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवणारी संस्था लागते. ती ठेव मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणा, व्याज थोडं जाईल तर जाऊ दे. बेदाणाही दराची वाट बघत फार ठेवू नका. कोर्स सप्टेंबरच्या शेवटी म्हणजे जुलैच्या शेवटी अर्ज गेलेला बरा, म्हणजे सौद्याचे पैसे जूनच्या शेवटापर्यंत बँकेत पाहिजेत. सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जपून ठेवा, एवढी रक्कम कुठून आली असं विचारलं तर तोच पुरावा आहे. सोनं, शेअर्स, जमिनीचा उतारा यातलं काही मोजत नाहीत.

आणि १२ लाखांसाठी एज्युकेशन लोनचं का बघत नाही? मुलीच्या नावावर मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट नाही, मंजुरीचं पत्र ६ महिन्यांच्या आतलं हवं आणि पैसे निघण्याआधी मिळतील किंवा थेट युनिव्हर्सिटीला जातील असं त्यात लिहिलेलं हवं. माझं मत विचाराल तर हाच रस्ता धरा, मामाशी संबंधही चांगले राहतील.

राहिला जन्मदाखला. पैसे आईवडिलांच्या खात्यात असले की नातं दाखवायला तो लागतोच, आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर कधी मुलीचं नावच नसतं, कधी आईचं माहेरचं नाव असतं. तो आजच काढून बघा, मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि तुम्हा दोघांचं संमतीपत्र जोडा. टीबीची तपासणी होम ऑफिसने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची, गावातल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही, सर्टिफिकेट ६ महिने चालतं.

प्रश्न: मी पण यूकेला एक वर्षाच्या मास्टर्सला चाललोय, लग्न झालंय, बायकोला डिपेंडंट म्हणून नेता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना ही सोय पीएचडी किंवा रिसर्चच्या डिग्रीलाच उरलीय, सरकारी स्कॉलरशिपवाले सोडले तर. त्या भेटायला म्हणून व्हिजिटर व्हिसावर येऊ शकतात, एका वेळी ६ महिन्यांपर्यंत, पण तिथे नोकरी करता येणार नाही, त्यामुळे दोघांच्या पगारावर खर्चाचं गणित मांडलं असेल तर ते आत्ताच बदला.